बोन स्कॅनच्या चिठ्ठीवर कारण लिहिले जावे

मा. तालुका आरोग्य अधिकारी, मावळ (वडगाव), तसेच मावळ तालुका व लोणावळा-खंडाळा परिसरात वैद्यकीय व्यवसाय करणारे सर्व डॉक्टर यांस,



मावळातल्या रुग्णाला बोन स्कॅन सांगितला जातो, म्हणजे शिरेतून अल्प प्रमाणात किरणोत्सारी द्रव्य देऊन सबंध सांगाड्याचे चित्र घेण्याची तपासणी सांगितली जाते, तेव्हा ती सांगणारे तज्ज्ञ बहुधा पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये असतात आणि तपासणीही बहुतेक वेळा तिकडेच होते. पण ती कशासाठी आहे, अहवालात काय आले आणि पुढे काय करायचे, हे विचारायला नातेवाईक येतात ते कामशेत, वडगाव, तळेगाव किंवा लोणावळ्यातील आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर 'होल बॉडी बोन स्कॅन' यापलीकडे बहुधा काही नसते, आणि जिथे कारण लिहिलेले नसते तिथे घरची माणसे ते स्वतःच भरून काढतात; ते कारण म्हणजे कॅन्सर आणि तोही हाडांत पोचलेला. हे अनुमान काही वेळा खरे ठरते, पण ही तपासणी ज्या अनेक कारणांसाठी सांगितली जाते त्यांपैकी ते केवळ एक आहे. प्रस्तुत पत्राची विनंती एवढीच आहे की तालुक्यातून बोन स्कॅनसाठी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीवर, ती पुण्याच्या तज्ज्ञांनी दिलेली असो की इथल्या डॉक्टरांनी, तपासणीतून कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे ते दोन ओळींत मराठीत लिहिले जावे. रुग्णाच्या मनःशांतीसाठी ते हवेच, परंतु त्याहून मोठे कारण असे की या तपासणीचा अर्थच प्रश्नावाचून नीट लागत नाही.

हे कसे, ते समजण्यासाठी बोन स्कॅनमध्ये नेमके काय दिसते हे पाहावे लागते. हाड हा शरीराचा स्थिर, न बदलणारा भाग आहे अशी सर्वसाधारण समजूत असली तरी प्रत्यक्षात जुने हाड पोखरून काढणाऱ्या आणि नवे हाड बांधणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी त्यात आयुष्यभर काम करत असतात, आणि प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी अशा रीतीने नवा होत असतो. हाडाला तडा गेला, त्यात जंतुसंसर्ग झाला, सांधा झिजला किंवा दुसऱ्या अवयवातील कर्करोगाच्या पेशी तिथे येऊन वाढू लागल्या, की त्या जागी बांधणाऱ्या पेशींचे काम वाढते आणि रक्तपुरवठाही वाढतो. मेथिलीन डायफॉस्फोनेट, म्हणजे एमडीपी, हे फॉस्फरसयुक्त संयुग हाडातील कॅल्शियम-फॉस्फेटच्या स्फटिकांना, त्यातही नव्याने घडत असलेल्या स्फटिकांना, चिकटते. त्याला टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून शिरेतून दिले की जिथे हाडाची बांधणी अधिक वेगाने चालू आहे तिथे ते अधिक साचते, आणि त्यातून बाहेर पडणारे गॅमा किरण टिपणारा कॅमेरा ती जागा गडद ठिपक्याच्या रूपात दाखवतो. एक्स-रेमध्ये हाडाची घडण दिसते आणि तिच्यातील तीस ते पन्नास टक्के खनिज नाहीसे झाल्याखेरीज फरक सहसा कळून येत नाही. बोन स्कॅनमध्ये हाडात चाललेली क्रिया दिसते, त्यामुळे अनेक आजारांत तो एक्स-रेच्या कितीतरी आधी, काही वेळा महिनोन्महिने आधी, सूचना देतो. शरीराचा आकार पाहण्याऐवजी शरीरात चाललेली क्रिया पाहायची ही दृष्टी लोणावळ्याला अपरिचित नाही: १९२४ साली इथे कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात काय घडते हे एक्स-रेच्या साहाय्याने अभ्यासले होते आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून ते प्रसिद्ध केले होते.

या तपासणीची सारी मदार असलेले टेक्नेशियम १९३७ साली इटलीतील पालेर्मो येथे कार्लो पेरिये आणि एमिलिओ सेग्रे यांनी ओळखले. वैद्यकात वापरल्या जाणाऱ्या त्याच्या रूपाचे अर्धायुष्य सहा तासांचे असते, म्हणजे दर सहा तासांनी त्याचा किरणोत्सर्ग निम्म्यावर येतो आणि एका दिवसानंतर सोळावा हिस्साच शिल्लक राहतो. असा पदार्थ साठवून ठेवता येत नाही, म्हणून रुग्णालये मॉलिब्डेनम-९९ भरलेले जनित्र मागवतात. मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य सुमारे ६६ तासांचे असल्याने आठवडाभर त्यातून रोज ताजे टेक्नेशियम काढता येते, आणि जगभरचे तंत्रज्ञ या जनित्राला 'गाय' व त्या कामाला 'धार काढणे' अशा अर्थाचे शब्द वापरतात, हे मावळच्या शेतकऱ्याला सांगितले तर त्याला बाकीचे समजावून सांगण्याची फारशी गरज उरणार नाही. महाराष्ट्राचा या शास्त्राशी संबंध जुना आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून मुंबईत परळ येथे काम करत आहे आणि वैद्यकीय समस्थानिके पुरवणारी 'ब्रिट' ही अणुऊर्जा विभागाची संस्था नवी मुंबईत आहे. पुरवठ्याची साखळी किती नाजूक असते ते २००९-१० मध्ये दिसले, जेव्हा कॅनडातील चॉक रिव्हर आणि नेदरलँड्समधील पेटन येथील जुन्या अणुभट्ट्या दुरुस्तीसाठी बंद राहिल्या आणि जगभरच्या रुग्णालयांत टेक्नेशियमची टंचाई झाली.

रुग्णाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब वेळेची आहे. इंजेक्शननंतर द्रव्य हाडांत साचायला आणि उरलेले मूत्रावाटे निघून जायला दोन ते चार तास लागतात. तेवढा वेळ भरपूर पाणी पीत थांबायचे, लघवी करून यायचे आणि मग यंत्राखाली अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहायचे, असा हा जवळजवळ पूर्ण दिवसाचा कार्यक्रम असतो. उपाशी राहण्याची आवश्यकता नसते, पण मावळातून जाणारे कित्येक जण सोनोग्राफी किंवा रक्ततपासणीच्या अनुभवावरून पहाटेपासून काही न खाता निघतात, आणि दुखऱ्या कंबरेने लोकलचा प्रवास करून, दुपारच्या वेळी परतीच्या गाड्या कमी असल्याने स्टेशनावर ताटकळत, संध्याकाळी घरी पोचतात. पवन मावळ, नाणे मावळ किंवा आंदर मावळातील वाडीवरून आधी मुख्य रस्त्यापर्यंत यायचे असेल तर हा दिवस आणखी लांबतो. एवढा खर्च आणि एवढे हाल ज्या प्रश्नासाठी करायचे तो प्रश्न रुग्णाला ठाऊक असू नये, हे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही.

आता कारणांकडे वळायचे. प्रोस्टेट, स्तन आणि फुप्फुस यांचे कर्करोग हाडांत पसरण्याकडे कल असणारे आहेत, आणि ते प्रामुख्याने मणके, कटिभाग, बरगड्या व मांडीच्या हाडाचा वरचा भाग अशा ठिकाणी, जिथे प्रौढ वयातही रक्त बनवणारी लाल मज्जा असते तिथे, स्थिरावतात. एकाच बैठकीत डोक्यापासून पायापर्यंतचा सांगाडा पाहता येत असल्याने अशा रुग्णांत बोन स्कॅन सांगितला जातो, आणि त्याच्या उत्तरावर फार काही अवलंबून असते: आजार मूळ अवयवापुरता असेल तर तो पूर्ण काढून टाकण्याच्या हेतूने शस्त्रक्रिया वा किरणोपचार करता येतात, हाडांत पोचला असेल तर औषधोपचाराची दिशा बदलते, दुखणाऱ्या जागी वेदना कमी करण्यासाठी किरणोपचार देता येतात, मांडीचे हाड मोडण्याच्या बेतात असेल तर ते मोडण्यापूर्वीच सळई घालून बळकट करता येते आणि मज्जारज्जूवर दाब येऊ लागलेला मणका वेळेत हेरला तर पाय लुळे पडण्याचे टाळता येते. रुग्णाला 'पसरला आहे का ते पाहायचे आहे' एवढे सांगणे पुरेसे नाही. उत्तर होकारार्थी आले तरी करण्याजोगे बरेच असते, हे त्याच वेळी सांगितले गेले तर तपासणीला जाण्याची त्याची तयारी निराळी असेल.

दुसरे कारण तरुणांशी निगडित आहे आणि लोणावळ्याला त्याविषयी विशेष आस्था असायला हरकत नाही. सैनिकांच्या पायांच्या हाडांत दीर्घ संचलनामुळे होणारे दुखणे ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी १८५५ साली वर्णिले. पुढे एक्स-रे आल्यावर ते हाडातील बारीक तडे असल्याचे कळले आणि 'मार्च फ्रॅक्चर' हे नाव रूढ झाले. एका आघाताने हाड मोडणे वेगळे, आणि रोजच्या ताणाची भरपाई करण्याइतकी उसंत न मिळाल्याने हाडात हळूहळू तडा पडत जाणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. १९४५ पासून नौदलाच्या प्रशिक्षणार्थींना घडवणाऱ्या आयएनएस शिवाजीच्या या गावात, लोहगड-राजमाचीच्या वाटा तुडवणाऱ्यांच्या आणि पोलीस वा सैन्यभरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुलांच्या या तालुक्यात, नडगी दुखते म्हणून आलेल्या मुलाचा एक्स-रे स्वच्छ आला की 'काही नाही, मुरगळले असेल' असे म्हणून त्याला पुन्हा धावायला मोकळे सोडले जाण्याचा संभव असतो. असा तडा एक्स-रेमध्ये दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, बोन स्कॅनमध्ये तो बहुधा दोन-तीन दिवसांतच उमटतो. अलीकडे एमआरआय उपलब्ध असेल तिथे या प्रश्नासाठी त्यालाच पसंती दिली जाते, कारण त्यात किरणोत्सर्ग नसतो आणि तडा नेमका कसा आहे तेही कळते. बोन स्कॅन सांगितलाच, तर धावपटूच्या आईला त्याचे कारण कॅन्सर नाही हे चिठ्ठीवरून कळले पाहिजे.

हाडातला जंतुसंसर्ग, विशेषतः मधुमेहींच्या पायात, आणि बसवलेला कृत्रिम सांधा पुन्हा दुखू लागणे, ही आणखी दोन कारणे. संसर्गाचा संशय असेल तर चित्रे तीन टप्प्यांत घेतली जातात: इंजेक्शन देतानाच रक्तप्रवाहाचे, काही मिनिटांनी मऊ भागांत साचलेल्या रक्ताचे आणि काही तासांनी हाडाचे. पहिल्या दोन टप्प्यांतच गडद दिसून तिसऱ्यात हाड शांत असेल तर दोष बहुधा वरच्या त्वचेत व मांसात असतो. कृत्रिम सांध्याभोवती मात्र शस्त्रक्रियेनंतर वर्षभर, काही वेळा त्याहून अधिक काळ, काहीही बिघाड नसताना गडदपणा राहतो, म्हणून शस्त्रक्रियेची तारीख चिठ्ठीवर नसेल तर अहवाल लिहिणाऱ्याला अंदाजच बांधावा लागतो.

मूळ मुद्दा इथेच येतो. बोन स्कॅन अतिशय संवेदनशील आहे, पण नेमका नाही. हाडात काहीतरी घडते आहे हे तो बहुतेक वेळा सांगतो, काय घडते आहे हे सांगत नाही. मावळच्या भातखाचरांत वर्षानुवर्षे वाकून लावणी केलेल्या स्त्रीच्या गुडघ्यांत आणि कंबरेच्या मणक्यांत झिजेमुळे गडद ठिपके दिसणारच. पावसाळ्यात बांधावरून घसरून पडलेल्या माणसाच्या तीन-चार लागोपाठच्या बरगड्यांवर एका रेषेत ठिपके उमटतात, आणि अशी रेष दिसली की ते बहुधा पडल्याचे चिन्ह असते, पण पडल्याची नोंद कुठेच नसेल तर कर्करोगाच्या रुग्णात त्याच ठिपक्यांचा धसका सगळ्यांनाच बसतो. नुकताच काढलेला दातही जबड्यावर ठिपका उमटवून जातो. आपल्याकडे आणखी दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. एक म्हणजे मणक्याचा क्षयरोग, जो एकाहून अधिक मणक्यांत असला तर चित्रात पसरलेल्या कर्करोगासारखाच दिसू शकतो. अशा वेळी एमआरआय आणि प्रसंगी सुईने काढलेला तुकडा तपासणे हाच मार्ग असतो, आणि क्षयरोग निघाला तर तो औषधांनी बरा होणारा आजार असतो. दुसरी म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या दीर्घ अभावाने हाडे मऊ पडण्याचा आजार, ऑस्टिओमलेशिया. अंग दुखते म्हणून वर्षभर वेदनाशामक गोळ्यांवर काढलेल्या रुग्णाच्या बरगड्यांवर व कटिभागात त्यामुळे अनेक ठिपके दिसतात, आणि उपचार असतो तो कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाचा. हे भेद चित्रावरून कधी करता येतात, कधी येत नाहीत. रुग्णाची हकीकत जोडली तर मात्र बरेचदा करता येतात. ती हकीकत पुण्यात स्कॅनचा अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांना माहीत नसते. ती असते इथल्या डॉक्टरांकडे, ज्यांनी त्या बरगड्यांना पट्टा बांधलेला असतो.

म्हणून चिठ्ठीवर लिहायचे ते असे काही असू शकते: 'स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली आहे, दोन महिन्यांपासून पाठ दुखते, दुखणे आजार हाडात पसरल्याचे आहे की मणक्यांच्या झिजेचे, हे पाहायचे आहे, तीन वर्षांपूर्वी डाव्या बाजूला पडून बरगड्यांना मार लागला होता.' यात एकही अवघड शब्द नाही, आणि तरीही अहवाल लिहिणाऱ्याला हवे ते सारे आहे. रुग्णाने जुने एक्स-रे आणि आधीच्या स्कॅनची सीडी बरोबर न्यावी, हेही त्याच कागदावर यावे. स्त्री रुग्णाला गरोदरपणाची शक्यता आणि अंगावर पिणारे मूल याविषयी घरून निघण्यापूर्वीच विचारले जावे, कारण शक्यता असेल तर तपासणी सहसा पुढे ढकलली जाते आणि पुण्यापर्यंतची खेप वाया जाते.

प्रश्न लिहायची सवय लागली की काही चिठ्ठ्या लिहिल्याच जाणार नाहीत, आणि तेही हवेच आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली अनावश्यक गोष्टींची जी यादी जाहीर केली तीत प्राथमिक अवस्थेतील, पसरण्याचा धोका कमी असलेल्या स्तन व प्रोस्टेट कर्करोगात अवस्था ठरवण्यासाठी बोन स्कॅन करू नये असे स्पष्ट म्हटले होते; अशा रुग्णांत खरा आजार सापडण्याची शक्यता नगण्य असते आणि झिजेचा एखादा ठिपका सापडून पुढच्या तपासण्यांची व काळजीची रांग लागण्याची शक्यता अधिक असते. मल्टिपल मायलोमा या मज्जेच्या कर्करोगात हाड पोखरले जाते पण बांधणी वाढत नाही, त्यामुळे बोन स्कॅन फसवा स्वच्छ येऊ शकतो आणि तिथे सीटी वा एमआरआयकडे वळावे लागते. ठिसूळ हाडांचे निदान हाही याचा प्रांत नव्हे. त्यासाठी डेक्सा ही घनता मोजणारी निराळी तपासणी असते, आणि गावोगावच्या शिबिरांत टाच यंत्रात ठेवून जे पाहिले जाते ते या दोहोंहून वेगळे आहे. 'हाडांचा स्कॅन गेल्या वर्षीच झाला' असे रुग्ण सांगतो तेव्हा त्यातले नेमके कोणते झाले याची खातरजमा केलेली बरी.

किरणांची भीती हा विषय थोडक्यात आटोपता येतो. एका बोन स्कॅनमध्ये शरीराला साधारण चार ते पाच मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतो, तर निसर्गातून, म्हणजे दगड-मातीतून, हवेतून आणि आकाशातून, जगातील माणसाला दर वर्षी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. कारण असेल तर हा हिशेब परवडणारा आहे आणि कारण नसेल तर थोडासुद्धा परवडणारा नाही. बोन स्कॅन करणाऱ्या विभागांवर मुंबईतील अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियंत्रण असते. परतीच्या लोकलमध्ये शेजारी बसणाऱ्याला धोका नसतो. तान्ह्या मुलाला त्या दिवशी तासन् तास मांडीवर घेऊन बसू नये, भरपूर पाणी प्यावे आणि शौचालयात पाणी नीट सोडावे, एवढे पथ्य पुरते.

शेवटी अहवाल परत येतो तेव्हाची एक बाब, कारण ती प्रामुख्याने इथल्याच दवाखान्यांत हाताळावी लागते. हाडांत पसरलेल्या स्तन वा प्रोस्टेटच्या कर्करोगावर औषध सुरू केल्यानंतर पहिल्या तीनेक महिन्यांत केलेल्या स्कॅनमध्ये जुने ठिपके अधिक गडद झालेले, क्वचित नवे दिसू लागलेले आढळतात, आणि त्याचे कारण पुष्कळदा असे असते की औषध लागू पडून हाड भरून येऊ लागलेले असते व बांधणाऱ्या पेशी जोमाने कामाला लागलेल्या असतात. वाढलेल्या आजाराचे आणि भरून येणाऱ्या हाडाचे चित्र या काळात सारखेच दिसत असल्याने, औषध कोणत्या तारखेला सुरू झाले हे अहवाल लिहिणाऱ्यालाही आणि तो समजावून सांगणाऱ्यालाही ठाऊक असावे लागते. अन्यथा गुण येत असलेले औषध 'आजार वाढला' म्हणून घरीच बंद केले जाते. तेव्हा कर्करोगाच्या उपचारांवर असलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर ती तारीख घातली जावी, आणि पुन्हा कधी तपासायचे ते उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना विचारून ठरेपर्यंत औषध थांबवू नये असे रुग्णाला तोंडीही सांगितले जावे.

कळावे.